चॅपल हिलचं बास्केटबॉल म्युझियम: ५० नंबरसाठी जायचं असेल तर

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या (इथे नुसतं ‘कॅरोलिना’) कॅरोलिना बास्केटबॉल म्युझियमला प्रवेश फुकट आहे. तासाभरात निवांत पाहून होतं, लहान मुलं कंटाळत नाहीत, आणि भारतातून आलेल्या आई-बाबांनाही मायकेल जॉर्डनचं नाव सांगून नेता येतं. तेवढ्यापुरती शिफारस हवी असेल तर ती इथेच झाली: जा. पुढचं सगळं आहे ते कॅरोलिनाच्या संघात ५० नंबर घालून खेळलेल्या टायलर हॅन्सब्रोसाठी तिथे जाणाऱ्यांकरता. जॉर्डन काचेच्या कपाटात मावतो, हॅन्सब्रो मावत नाही. तयारी न करता गेलात तर ट्रॉफ्या दिसतील, फोटो दिसतील, आणि ‘या ५० नंबरवाल्याचं एवढं काय?’ असं म्हणत बाहेर पडाल.

आधी वाट. कॅरी-मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळींना हे अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर आहे. आय-४० ने पश्चिमेला निघायचं, एक्झिट २७३ ला उतरून एनसी-५४ धरायचा, पुढे फोर्डहॅम बुलेव्हार्डवरून मॅनिंग ड्राइव्हला वळायचं. म्युझियम स्किपर बोल्स ड्राइव्हवर, विल्यमसन सेंटरच्या इमारतीत आहे, आणि स्मिथ सेंटर म्हणजे संघाचं स्टेडियम त्याला लागूनच. म्युझियमच्या वेळा बदलत असतात, त्यामुळे निघण्याआधी साईट बघून घ्या. मॅचच्या दिवशी तर नुसतं म्युझियम पाहायला जाऊच नका. रस्ते तुंबतात, जवळच्या पार्किंगला परवाना लागतो, आणि गर्दीत कपाटासमोर दोन मिनिटं उभं राहणं जमत नाही.

म्युझियम उघडलं २००८ च्या जानेवारीत, म्हणजे हॅन्सब्रो स्वतः शेजारच्या इमारतीत खेळत होता तेव्हा. आत शिरल्यावर आधी एक छोटी फिल्म, मग मुख्य दालन: ट्रॉफ्या, जाळ्या, जर्सी, पडद्यांवर जुन्या सामन्यांचे तुकडे. इथली सगळ्यात गाजलेली वस्तू म्हणजे एक कागद. शाळकरी जॉर्डनने कॅरोलिनाकडे जायचं ठरवल्यावर शेजारच्या, हाडवैरी ड्यूक विद्यापीठाचे कोच माइक शशेफ्स्की यांनी त्याला पाठवलेलं पत्र. तू आमच्याकडे येत नाहीस याचं वाईट वाटतं, पुढे शुभेच्छा, अशा आशयाचं. पसंत पडलेल्या स्थळाकडून नकार आल्यावर लिहावं तसं सभ्य. लोक या पत्रासमोर रांग लावून फोटो काढतात. काढा.

अशा ठिकाणी एक गोष्ट चटकन ध्यानात येत नाही, ती डोक्यात ठेवूनच आत जा. कॅरोलिनात नंबर कायमचा निवृत्त करण्याचा नियम कडक आहे. देशातल्या सर्वोत्तम खेळाडूसाठीच्या ठरलेल्या सहा मोठ्या पुरस्कारांपैकी निदान एक मिळाला पाहिजे. एवढी वर्षं झाली, तरी त्या यादीत नावं आठच: जॅक कॉब, जॉर्ज ग्लॅमॅक, लेनी रोझेनब्लूथ, फिल फोर्ड, जेम्स वर्दी, मायकेल जॉर्डन, अँटवान जेमिसन आणि टायलर हॅन्सब्रो. कॉबच्या काळात जर्सीवर नंबरच नसायचा, म्हणून नंबर सात. हॅन्सब्रोला २००८ मध्ये सहाच्या सहा पुरस्कार मिळाले.

आता या आठ जणांपुढे कॉलेजचे सीझन मांडून बघा. वर्दी, जॉर्डन, जेमिसन हे तिघे तीन वर्षं खेळून एनबीएला गेले. जुन्या तिघांच्या काळात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात घेतच नसत, त्यामुळे त्यांचेही तीनच. पुरी चार वर्षं खेळलेले दोघे: १९७४ ते ७८ फोर्ड, आणि २००५ ते २००९ हॅन्सब्रो. फोर्डच्या २,२९० गुणांचा कॅरोलिनाचा विक्रम तीस वर्षं टिकला. १८ डिसेंबर २००८ ला इव्हान्सव्हिलविरुद्ध तो हॅन्सब्रोने मोडला.

मिझुरी राज्यातल्या पॉप्लर ब्लफ या छोट्या गावातून हॅन्सब्रो २००५ च्या शरदात आला. ती वेळ लक्षात घेतली पाहिजे. एप्रिल २००५ मध्ये कॅरोलिना राष्ट्रीय विजेती झाली होती आणि लगेच संघ रिकामा झाला. फेल्टन, शॉन मे, मॅकँट्स, मार्विन विल्यम्स हे चौघेही त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएच्या खेळाडू-निवडीत, पहिल्या चौदात गेले. थोडक्यात, लग्न आटोपून मांडव उतरवताना हा पाहुणा पोचला. पहिल्या वर्षी संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत जॉर्ज मेसनकडून हरला. दुसऱ्या वर्षी अंतिम आठात जॉर्जटाउनकडून, जादा वेळेत. तिसऱ्या वर्षी अंतिम चारात कॅन्ससकडून. चौथ्या वर्षी विजेतेपद. दर वर्षी एकेक पायरी, आणि दर वर्षी एप्रिलमध्ये एनबीएला जायची वाट मोकळी. तेव्हा कॉलेजच्या खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे पैसे घेता येत नव्हते. आपल्या नावावर जाहिरातीचे पैसे घ्यायची मुभा जुलै २०२१ पासूनची. म्हणजे तो तीनदा थांबला, तो फुकट थांबला.

आता हा माणूस खेळायचा कसा ते. इथे थोडं रेंगाळावं लागेल, कारण पडद्यांवरच्या तुकड्यांत त्याचा खेळ मावत नाही. त्याच्या खेळात उडी नाही, नजाकत नाही, लांबून सोडलेला झोकदार शॉट क्वचितच. उंची ६ फूट ९ इंच, वजन अडीचशे पौंडांच्या घरात, आणि त्या उंचीच्या मानाने हात फारसे लांब नाहीत. चेंडू बास्केटकडे जायचा तोही ढकलल्यासारखा. प्रतिस्पर्धी प्रेक्षक हसायचे. आणि शेवटी त्याचा हिशेब: १४२ सामने, २,८७२ गुण, १,२१९ रिबाऊंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं).

त्याचा एक हल्ला सावकाश बघू. आपल्या बाजूला रिबाऊंड मिळाला की चेंडू कुणाच्या हातात आहे हे न बघता तो सरळ रेषेत समोरच्या बास्केटकडे पळत सुटतो. कोच रॉय विल्यम्स यांच्या पद्धतीत हे ठरलेलं असायचं: जो उंच खेळाडू आधी पोचेल त्याने चेंडूच्या बाजूचा ब्लॉक, म्हणजे रंगवलेल्या चौकोनाच्या कडेची खूण, पकडायची. बहुतेक धिप्पाड खेळाडू दहातल्या सहा वेळा असं पळतात. हा दहाच्या दहा वेळा. समोरचा दोन पावलं मागे राहिला तर सहकारी टाय लॉसनचा पास आणि सोपे दोन गुण. नाही राहिला, तर दुसरा भाग.

दुसरा भाग जागा अडवण्याचा. तो पाय फाकवून, कंबर खाली नेऊन, पाठमोरा बसतो. बसतो हाच शब्द बरोबर, कारण त्याचं बूड समोरच्याच्या मांडीवर टेकलेलं असतं. कुस्तीत जो खाली राहतो त्याला हलवणं अवघड, तेच इथे. एक हात मागे प्रतिस्पर्ध्याचा अंदाज घेत, दुसरा पुढे चेंडू मागत. पास आला की दोन्ही हातांनी पकडून हनुवटीखाली, कोपरं बाहेर. अनेक उंच खेळाडू इथेच चूक करतात. चेंडू कमरेपर्यंत खाली आणतात आणि मागून आलेला छोटा गार्ड, म्हणजे बाहेरून चेंडू खेळवणारा चपळ खेळाडू, तो चोरून नेतो.

तिसरा भाग खांद्याचा. एका बाजूला खांदा दाखवायचा, चेंडू कपाळापर्यंत न्यायचा, उडायचं मात्र नाही. बचाव करणारा हवेत गेला की त्याच्या छातीत शिरून, दोन्ही हातांत चेंडू घट्ट धरून वर जायचं. हात आखूड असल्यामुळे मोकळ्या जागेतून उडी मारली तर शॉट अडवला जाणार हे त्याला पक्कं ठाऊक. म्हणून मोकळी जागा शोधायचीच नाही, अंगाला अंग लावायचं. अंग लागलं की समोरच्याचा हात पुरता लांबत नाही, आणि लांबला तर फाऊल.

फाऊल झाला की तो फ्री थ्रोच्या, म्हणजे फाऊलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फेकीच्या, रेषेवर. कॉलेज कारकिर्दीत त्याचे ९८२ फ्री थ्रो बास्केटमध्ये पडले, हा तेव्हा राष्ट्रीय विक्रम झाला. आधीचा ९०५ चा आकडा वेक फॉरेस्टच्या डिकी हेमरिकच्या नावावर १९५५ पासून होता. हॅन्सब्रोच्या एकूण गुणांतला एक तृतीयांशाहून जास्त हिस्सा या रेषेवरचा आहे. कंटाळवाणं वाटतं ना? हिशेब करा. चांगल्या संघाला एका हल्ल्यामागे सरासरी एकाहून थोडे जास्त गुण मिळतात. त्याची फ्री थ्रोची टक्केवारी साधारण ७९. म्हणजे दोन फ्री थ्रोचे सरासरी १.५८ गुण. त्या काळच्या नियमाने हाफमधल्या सातव्या सांघिक फाऊलपासून ‘वन अँड वन’, म्हणजे पहिला पडला तरच दुसरा, आणि दहाव्यापासून सरळ दोन. वन अँड वनलाही त्याचे सरासरी १.४१ होतात. एवढी किफायत लांबच्या शॉटला क्वचित मिळते.

शिवाय मागचा फायदा वेगळाच. कॉलेजात पाच फाऊलला खेळाडू बाद. पहिल्या हाफमध्ये दोन झाले की बहुतेक कोच आपल्या मोठ्या खेळाडूला बाकावर बसवतात. तो बसला की हॅन्सब्रोचे सहकारी वेन एलिंग्टन आणि डॅनी ग्रीनला आत घुसायला वाट मोकळी. हे गुण हॅन्सब्रोच्या नावावर कुठेच लागत नाहीत.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर हे कौतुक भाटगिरी होईल. बचावात तो शॉट अडवणारा नव्हता. चपळ गार्डच्या समोर सापडला की मागे पडायचा. शिट्ट्या त्याच्याच बाजूने वाजतात, ही प्रतिस्पर्ध्यांची तक्रार चार वर्षं चालू होती आणि ती अगदीच निराधार नव्हती; जो प्रत्येक वेळी अंगावर जातो त्याला काही शिट्ट्या उधारीवरही मिळतात. त्याच्या पायांच्या हालचालीत ‘ट्रॅव्हल’, म्हणजे चेंडू हातात घेऊन जास्त पावलं टाकल्याची चूक, शोधणारे आजही सापडतील. आणि त्याची पद्धत नेमकी कुठे बंद पडते हे कॅन्ससने दाखवून दिलं. त्याबद्दल पुढे.

तयारी म्हणजे जाण्याआधी चार-पाच सामने बघणं. राष्ट्रीय स्पर्धेतले जुने गाजलेले सामने एनसीएए या कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या यूट्यूब चॅनेलवर पूर्ण लांबीचे सापडतात, बाकीचे शोधले की तुकड्यांत मिळतात. बघताना चेंडूकडे बघू नका. कागदावर तीन उभे रकाने आखा: ‘पुढे पळाला’, ‘जागा अडवली’, ‘फाऊल मिळवला’. ५० नंबरचे सलग वीस हल्ले मोजा. तिसऱ्या रकान्यापेक्षा पहिले दोन भरभर भरतात, आणि पास न मिळताही भरतात, हे दिसलं की अर्धं काम झालं.

सुरुवात ४ मार्च २००६, ड्यूकच्या कॅमेरून इनडोअरमध्ये. ड्यूक देशात पहिल्या क्रमांकावर, त्यांच्या जे. जे. रेडिकचा घरचा शेवटचा सामना, आणि समोर पहिल्या वर्षाचा हॅन्सब्रो. २७ गुण, कॅरोलिना ८३-७६. यात त्याने शेवटाकडे तीन गुणांचा शॉटही टाकला, तोही बघून घ्या, कारण पुन्हा फारसा दिसणार नाही. दोन्ही कॉलेजांत साधारण दहा मैलांचं अंतर आहे आणि वैर त्याच्या कितीतरी पट. चार वर्षांत ड्यूकच्या मैदानावर तो चार वेळा खेळला आणि चारही वेळा जिंकला. चॅपल हिलमध्ये एवढ्या एका गोष्टीवर माणूस आयुष्यभर फुकट जेवू शकतो. २००६ च्या या सामन्याआधी महिनाभरही झाला नव्हता, १५ फेब्रुवारीला जॉर्जिया टेकविरुद्ध त्याचे ४० गुण झाले होते.

मग ४ मार्च २००७. हा सामना सगळ्यांना शेवटच्या १४.५ सेकंदांसाठी माहीत आहे. निकाल लागल्यात जमा होता, तेवढ्यात ड्यूकच्या खेळाडूचं कोपर त्याच्या नाकावर बसलं. रक्ताने माखलेलं तोंड, चेहऱ्यावर संताप, त्याला आवरायला धावलेले सहकारी. तो फोटो इतका फिरला की त्याच्या आधीची चाळीस मिनिटं लोक विसरले. ती बघा: २६ गुण आणि १७ रिबाऊंड. पुढचे काही सामने तो पारदर्शक मुखवटा घालून खेळला. मुखवट्याने खालची नजर अडते आणि हनुवटीखाली चेंडू पकडणाऱ्याला नेमकी तीच लागते. राष्ट्रीय स्पर्धेत मिशिगन स्टेटविरुद्ध त्याने तो काढून ठेवला आणि ३३ गुण केले.

२००८ चे दोन सामने थोडक्यात. १० फेब्रुवारीला क्लेमसनविरुद्ध दोनदा जादा वेळ, १०३-९३, त्याचे ३९ गुण. मुद्दाम शेवटची दहा मिनिटं बघा. बाकीचे गुडघ्यावर हात ठेवून उभे आहेत आणि हा अजून एका बास्केटपासून दुसऱ्यापर्यंत पळतोय. आणि १५ मार्चला व्हर्जिनिया टेकविरुद्ध, सामना ६६-६६ असताना, सुटलेला चेंडू पकडून बेसलाइनवरून, म्हणजे बास्केटमागच्या कडेच्या रेषेजवळून, मारलेला शॉट, ०.८ सेकंद बाकी. त्यानंतरचा त्याचा नाच अजिबात चांगला नाही.

टाळू नये असा सामना मात्र ५ एप्रिल २००८ चा, सॅन अँटोनिओत कॅन्ससविरुद्ध. चाहते तो वगळतात. पहिल्या हाफमध्ये कधीतरी फळा ४०-१२ दाखवतो. कॅन्ससकडे उंच, ताज्या दमाचे खेळाडू एकामागे एक होते. एकाचे फाऊल झाले की दुसरा, दुसरा थकला की तिसरा. बाकावरून आलेल्या पहिल्या वर्षाच्या कोल ऑल्ड्रिचने आत येऊन शॉट अडवले. शिवाय चेंडू हॅन्सब्रोच्या हातात पडताच दुसरा खेळाडू धावून यायचा. हॅन्सब्रोची पद्धत समोरच्याला फाऊलमध्ये अडकवून बाकावर पाठवण्यावर चालते. बाकावरच तेवढ्याच तोलाचे बसलेले असतील तर ती गिरणी दळते पण पीठ पडत नाही. दुसऱ्या हाफमध्ये कॅरोलिनाने अंतर एक आकडी केलं, पण शेवटी ८४-६६.

देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला माणूस यानंतर परत येत नाही. मिळायचं ते सगळं मिळून झालं होतं. तो आला. त्या चौथ्या वर्षाचे आकडे नीट वाचा. सरासरी गुण २२.६ वरून २०.७ वर, रिबाऊंड १०.२ वरून ८.१ वर. सुरुवातीलाच नडगीच्या हाडाला ताणाची दुखापत, चार सामने बुडाले. कॉन्फरन्सचा, म्हणजे कॅरोलिना-ड्यूक वगैरे कॉलेजांच्या गटाचा, सर्वोत्तम खेळाडू म्हणून नाव लागलं टाय लॉसनचं, आणि देशातला सर्वोत्तम ठरला ओक्लाहोमाचा ब्लेक ग्रिफिन. म्हणजे राहिल्यामुळे त्याचं स्वतःचं सगळं थोडं-थोडं कमीच झालं. वाढलं ते संघाचं. राष्ट्रीय स्पर्धेतले सहाही सामने कॅरोलिनाने बारा किंवा त्याहून जास्त गुणांनी जिंकले, त्यात ग्रिफिनचा ओक्लाहोमाही आला.

६ एप्रिल २००९, डेट्रॉइटचं फोर्ड फील्ड, समोर मिशिगन स्टेट, म्हणजे जवळपास घरचाच संघ. हाफटाइमला ५५-३४, शेवटी ८९-७२. हॅन्सब्रोचे १८ गुण आणि ७ रिबाऊंड. अंतिम फेरीचा मानकरी एलिंग्टन, आणि आठ वेळा चेंडू चोरणारा लॉसन. हा सामना पहिल्या वीस मिनिटांतच संपला, त्यामुळे थरार शोधू नका. मिशिगन स्टेटच्या उंच खेळाडूंचे फाऊल किती लवकर भरतात आणि मग लॉसनला रस्ता कसा मिळतो, तेवढं बघा. म्युझियममध्ये २००९ च्या विजेतेपदासमोर उभं राहताना हा रस्ता डोळ्यांपुढे असेल तर ती ट्रॉफी निराळी दिसते.

एनबीएत त्याला इंडियाना पेसर्सने तेराव्या क्रमांकावर घेतलं आणि कारकीर्द बेताची झाली. तिथे सगळेच ताकदवान, सगळेच लांब हातांचे. अंगावर जाऊन मिळणाऱ्या शिट्ट्या कमी. रणजीत धावांचे डोंगर रचून वरच्या पातळीवर मोजकं खेळलेले फलंदाज आपल्याला ठाऊक आहेतच. त्यांचं रणजीतलं मोल त्यामुळे उणावत नाही.

एक शंका नेहमी विचारली जाते: त्याचे विक्रम आता मोडणार नाहीत का? रिबाऊंडचा मोडला आहे. आर्मांडो बेकॉट कॅरोलिनात पाच वर्षं राहिला आणि १,२१९ च्या बराच पुढे गेला. गुणांचा वाचला. आर. जे. डेव्हिस पाच सीझन खेळून २०२५ मध्ये संपला तेव्हा २,७२५ वर होता, कॉलेजात दुसरा. कोविडमुळे मिळालेला तो पाचवा सीझन आता नव्या मुलांना नाही. शिवाय दर वसंतात शेकडो खेळाडू कॉलेज बदलतात, आणि बदलताना सीझन वाया जात नाही. चार वर्षं एकाच जर्सीत वर्षाला सातशेहून जास्त गुण, हे गणित कुणाला जमेल असं वाटत नाही.

म्युझियम झालं की स्मिथ सेंटर. जर्सी वर छताला टांगलेल्या आहेत. आतलं दार इतर दिवशी उघडं मिळेलच असं नाही, म्हणून त्या नीट पाहायच्या तर एखाद्या सामन्याचं तिकीट काढलेलं बरं. सीझन नोव्हेंबर ते मार्च. नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या दुबळ्या संघांविरुद्धच्या सामन्यांची तिकिटं स्वस्त पडतात, ड्यूकच्या सामन्याचं नाव काढू नका. इमारत १९८६ ची, क्षमता २१,७५०. खालच्या चांगल्या जागांचा मोठा हिस्सा देणगीदारांकडे असतो, म्हणून दुबळ्या सामन्यांना आवाज बेताचाच. ड्यूकचं मैदान निम्म्याहून लहान, पण तिथे विद्यार्थी कोर्टाला चिकटून असतात आणि कान किटतात. वरच्या मजल्याची तिकिटं मात्र आपल्या कामाला उत्तम. जागा कशी अडवली जाते ते वरूनच स्वच्छ दिसतं आणि जर्सी डोळ्यांच्या पातळीला येतात. फोर्डचा १२ आणि हॅन्सब्रोचा ५० शोधा. पिशवी पारदर्शकच लागते. मुलांचा डबा, बिस्किटं, दप्तर यांचा बंदोबस्त आधी करा.

जर्सी विकत घ्यायची असेल तर फ्रँकलिन स्ट्रीटवर दुकानं आहेत. रंग फिकट निळा किंवा पांढरा, आणि बाजूला शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटींची पट्टी. ती याच गावात वाढलेल्या अलेक्झांडर ज्युलियन या डिझायनरने १९९१ मध्ये आखलेली. घेताना पट्टी जिथे शिवणीवर दुमडते तिथे बोट ठेवून बघा. चांगल्या मालात शंकरपाळे शिवणीपलीकडे जुळतात, स्वस्तातल्या नकलेत अर्धे कापलेले राहतात. नंबर शिवलेला हवा, चिकटवलेला दोन-तीन धुण्यांत कडेने उचलतो. बाकी ५० नंबर आता कॅरोलिनाच्या कुठल्याच खेळाडूच्या अंगावर दिसणार नाही. पार्किंगमध्ये दिसला तर तो चाहताच समजा, आणि कॅन्ससचा विषय काढू नका.